राजभवन लांब, ठाणं जवळ

एप्रिल २०२१ मध्ये वणी शहरात सॅनिटायझर प्यायल्यानं सात जणांचा जीव गेला. करोनाची दुसरी लाट होती, टाळेबंदीत दारूची दुकानं बंद होती, आणि हातावर पोट असलेल्या या माणसांनी तलफ भागवायला हाताला चोळायचा द्रव घशाखाली घातला. पुढच्याच महिन्यात, २७ मे रोजी, वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातली सहा वर्षांची दारूबंदी राज्य मंत्रिमंडळानं उठवली. बंदीच्या काळात अवैध दारू वाढली, त्या धंद्यात बायका-पोरं ओढली गेली, असं कारण सरकारनं दिलं. खरं तर या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. वणीत बंदी नव्हतीच, दुकानं साथीमुळे बंद होती. तरी वादाच्या आखाड्यात दोन्ही लगेच उतरल्या. एक बाजू म्हणाली, दारू बंद केली की लोक विष पितात. दुसरी म्हणाली, विष पिण्याइतकं व्यसन लागेपर्यंत परवाने कोणी वाटले?

यवतमाळ जिल्ह्यात दारू आणि गांजा यांवरचा वाद वर्षानुवर्षं याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. कायदा कडक हवा की सैल, एवढाच प्रश्न विचारला जातो. पकडायचं कोणाला, सोडायचं कोणाला आणि सोडण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती आहे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळा मामला तिथेच अडला आहे.

आधी नकाशा बघू. जिल्ह्याच्या उत्तरेला वर्धा, गांधींच्या सेवाग्रामची पुण्याई म्हणून १९७५ पासून कागदोपत्री कोरडा. पूर्वेला चंद्रपूर, १ एप्रिल २०१५ ते २०२१ कोरडा. त्याच्या पलीकडे गडचिरोली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सोबतीनं उभ्या राहिलेल्या लोकआंदोलनानंतर १९९३ पासून कोरडा. या पट्ट्याला खेटून यवतमाळ, दुकानं उघडी असलेला. सहा वर्षं नदीच्या एका काठावर बंदी आणि दुसऱ्या काठावर विक्री असली की काय होतं, हे सांगायला अहवालाची गरज नाही. पूल ओलांडला की पव्व्याची किंमत वाढायची आणि त्या वाढीवर पोरं मोटारसायकली घ्यायची.

चंद्रपूरच्या बंदीसाठी पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वाखाली बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या होत्या. ती बंदी लागू झाली तेव्हा यवतमाळच्या बायकांनी साहजिकच विचारलं, मग आम्हाला का नाही? ‘स्वामिनी’ या नावानं महेश पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा दारूबंदीचं अभियान चालवलं, मोर्चे निघाले, निवेदनं गेली. मागणीच्या मुळाशी असलेलं दुःख खोटं नव्हतं. कापसाच्या चुकाऱ्यातले निम्मे पैसे घरी येईपर्यंत संपलेले असतात, हे या जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. शेतकरी आत्महत्येच्या चौकशीत मृत माणसाला दारूचं व्यसन होतं असा शेरा पडला की प्रकरण ‘अपात्र’ ठरण्याची भीती असते, आणि मदतीचे पैसे मग विधवेच्या हाती पडत नाहीत. दारूनं नवरा नेला आणि दारूच्याच शेऱ्यानं मदतही नेली, असा हा दुहेरी मार आहे.

सरकारांचा या प्रश्नातला इतिहास मात्र कोलांटउड्यांचा आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारनं भांग-गांजाच्या चौकशीसाठी मोठा आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी घेऊन, सात खंडांचा अहवाल लिहून, आयोगानं सांगितलं की बेताचं सेवन फारसं घातक नाही, सरसकट बंदी नको, परवाने आणि कर पुरेत. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडात ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई, आणि गांजा शेजारच्या खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली पिकत असे. १९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. १९५१ मध्ये बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातला बराच भाग उचलून धरला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हाच कायदा इथेही लागू झाला. मूळ पाया अजून तोच आहे.

आणि मग बंदीची पकड सैल केली कोणी? डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या वसंतराव नाईकांच्या सरकारनं. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मोरारजी देसाईंच्या कडव्या दारूबंदीचा फोलपणा तोवर सगळ्यांना कळून चुकला होता. मुंबईत हातभट्टीवाल्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या होत्या आणि पोलीस त्या पैशावर सुस्तावले होते. कायदा रद्द न करता परवान्यांची दारं उघडण्याचा मार्ग काढला गेला. म्हणून महाराष्ट्रात आजही गंमत अशी आहे की तत्त्वतः दारूबंदी आहे आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपयांत, देशीसाठी दोन रुपयांत. आजन्म हवा तर हजार रुपये. यवतमाळच्या बसस्थानकाजवळच्या बारमध्ये बसलेल्या शंभर जणांपैकी किती जणांच्या खिशात तो कागद असेल? नसेल तर प्रत्येक जण कायद्यानं गुन्हेगार. तरी तिथे कोणी छापा घालत नाही. माफीचा पहिला प्रकार हा. ती राज्यपालांची सही लागत नाही अशी, रोज रात्री सामुदायिक रीतीनं मिळणारी माफी आहे, आणि ती बारच्या टेबलावर बसणाऱ्यालाच मिळते.

गावातली तऱ्हा वेगळी. हातभट्टीवरचा छापा ज्यानं पाहिला असेल त्याला हा क्रम पाठ असेल. नाल्याच्या काठाला किंवा पळसाच्या झुडपात मोहाचा सडवा भरलेले डबे, ड्रम, प्लॅस्टिकच्या कॅन पुरलेल्या असतात. पोलीस येतात, दोन पंच बोलावतात. पंच बहुधा तेच, दर वेळी. नमुन्याची बाटली भरून लाखेचं सील होतं, उरलेला सडवा जागीच ओतून ‘नाश’ केला जातो, जर्मनचे डबे कुऱ्हाडीनं फोडतात. पंचनाम्यात किंमत लिहिली जाते आणि पुढच्या दिवशी पेपरात ‘एवढ्या हजारांचा मुद्देमाल जप्त’ अशी बातमी येते. भट्टी लावणारी बाई बहुतेक वेळा कोलाम, पारधी किंवा बंजारा तांड्यातली. तिच्यावर दारूबंदी कायद्याचं ‘६५ ई’ आणि ‘६५ फ’ लागतं, नोटीस देऊन सोडतात. नमुना रासायनिक प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायला महिने जातात, मग तारखा सुरू होतात. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं आणि वकिलाची फी वेगळी. हा खर्च भरून काढायला ती काय करते? पुन्हा भट्टी लावते. पुढे तिच्यावर प्रतिबंधक कारवाई होते, बंधपत्र घेतलं जातं, फारच झालं तर १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धतेचा प्रस्ताव जातो. त्या कायद्याच्या लांबलचक नावातच झोपडपट्टीदादांच्या जोडीला हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार बसवले आहेत.

गुन्हा दाखल करायचा की हप्ता घ्यायचा, कच्च्या नोंदीवर भागवायचं की पक्क्या, दोन ड्रम लिहायचे की वीस, हे सगळं ठाण्यातल्या माणसाच्या मर्जीवर. त्याला पोलीस ‘समजून घेणं’ म्हणतात. आमच्याकडे लोकही तेच म्हणतात. राज्यघटनेत मात्र ‘समजून घेण्याचं’ कलम नाही.

मोहाचा प्रश्न आणखी गुंत्याचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडची गोंड-कोलाम कुटुंबं लेकराबाळांसह वेचायला जातात. तीच फुलं वाळवून घरात ठेवली की वर्षानुवर्षं कायद्याचा डोळा त्यांच्यावर असायचा. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले. पूजेला, लग्नाला, मयताला मोहाची लागते, ती पूर्वापार. जिल्ह्याचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ चा पेसा कायदा मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच फुलाबाबत दोन कायदेशीर जगं आहेत. एका जगात ग्रामसभा ठरवते, दुसऱ्यात राज्य उत्पादन शुल्काचा निरीक्षक. प्रत्यक्षात पहिल्या जगाचा अधिकार कागदावर आणि दुसऱ्याचा डबे फोडणाऱ्या कुऱ्हाडीत.

परवानाधारक दुकान बंद करण्याचा एक रीतसर मार्ग मात्र लोकांच्या हाती आहे, आणि तो बारकाईनं पाहण्यासारखा आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षर न ओळखणारी आजीही शिक्का बरोबर मारते. पण मेख पुढे आहे. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. मग लग्न होऊन परगावी गेलेली पण यादीत नाव राहिलेली लेक, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली सून, मेली तरी यादीतून न गळलेली म्हातारी, या सगळ्या न येताच उभ्या बाटलीच्या पदरात पडतात. आलेल्या बायकांनी जवळजवळ एकमुखानं आडवी पाडूनही दुकान वाचू शकतं. विधानसभेचा आमदार याच निकषावर निवडायचा ठरवला तर किती जण निवडून येतील, हे राजकारण्यांनी स्वतःला विचारावं. मतदानाच्या आदल्या रात्री दुकानदार पुरुषांना फुकट पाजतो, बायकांना साड्या वाटतो, हे आरोप प्रत्येक ठिकाणी होतात. त्यावर निवडणुकीच्या तोडीची देखरेख मात्र नसते.

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितलं तेव्हा जिल्ह्यातून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे दिवेही काही काळ विझले. मग देशभर शहरातून जाणारे महामार्ग पालिकांकडे वर्ग करण्याची टूम निघाली, न्यायालयानंही छोट्या गावांसाठी अंतर कमी केलं आणि शहरांना सूट दिली. वर्षभरात बहुतेक गोष्टी पूर्ववत. रस्ता तिथेच राहिला, त्याचं फक्त नाव बदललं.

हाच रस्ता गांजाच्या कथेत येतो. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ओलांडून तो तेलंगणात उतरतो. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांतला गांजा उत्तरेला आणि मुंबई-पुण्याला जातो तो ज्या वाटांनी, त्यातली एक ही. पकडला जाणारा बहुतेक वेळा ट्रकचा चालक किंवा क्लीनर असतो. माल कोणाचा आणि कोणाला जाणार, हे त्याला माहीत असेलच असं नाही, आणि तपास त्याच्या पलीकडे क्वचित सरकतो. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यानुसार गांजाचं एक किलोपर्यंतचं प्रमाण ‘अल्प’, त्यापुढचं मधलं आणि २० किलोंहून जास्त ते ‘व्यापारी’. अल्पला वर्षभरापर्यंत शिक्षा, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यापारीला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय किमान लाखाचा दंड. व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीनही जवळपास अशक्य, कारण आरोपी निर्दोष असावा असं न्यायालयाला जामिनाच्या टप्प्यावरच वाटावं लागतं.

म्हणून वजन ही या कायद्यातली सगळ्यात निर्णायक गोष्ट आहे, आणि वजन कसं होतं ते पाहा. तुरीच्या तासात किंवा कपाशीच्या आडोशानं कोणी गांजाची झाडं लावली, खबऱ्यानं खबर दिली, स्थानिक गुन्हे शाखा पोचली. झाडं मुळासकट उपटली जातात. मुळं, त्यांना चिकटलेली काळी माती, खोड, फांद्या, पानं, सगळं गोणीत भरून काट्यावर चढतं. कायद्याची व्याख्या म्हणते की गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे, फळधारी शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरायच्या नाहीत. पाच-सात ओली झाडं मातीसकट वीस किलो सहज ओलांडतात, आणि शेतकरी एका दिवसात ‘व्यापारी’ होतो. मुंबई उच्च न्यायालयानं या एका मुद्द्यावर जामीन दिल्याची उदाहरणं आहेत. पण तोवर आरोपीचे महिने, कधी वर्षं, आत गेलेली असतात. शेत कोणाचं, कसणारा कोण, बटईनं दिलेलं का, हे प्रश्न सातबाऱ्यावर पडलेल्या नावापुढे गौण ठरतात. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं २०२१ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची रीतसर परवानगी मागितली होती, कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून. लोक हसले. त्या अर्जातला त्रागा यवतमाळच्या कापूसवाल्याला कळायला वेळ लागत नाही.

आता माफीकडे येऊ, कारण कायद्याच्या कडकपणावर उतारा म्हणून तिचं नाव नेहमी घेतलं जातं. राज्यघटनेचं कलम ७२ राष्ट्रपतींना आणि १६१ राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा, स्थगित करण्याचा अधिकार देतं. महाराष्ट्रानं या अधिकाराची सीमा देशाला दाखवून दिली ती नानावटी प्रकरणात. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयानं नौदल अधिकारी नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवायचा हुकूम काढला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की प्रकरण आमच्यापुढे असताना हा हुकूम चालणार नाही. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, तीही आयात परवान्याच्या गैरवापरात शिक्षा झालेल्या भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यासोबत, म्हणजे पारशी आणि सिंधी दोन्ही समाज शांत राहावेत. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, आणि तेव्हाचं मंत्रिमंडळ पुसदच्या वसंतरावांचं. दारूबंदी सैल करणारं आणि गाजलेल्या खुन्याला माफ करणारं सरकार एकच होतं, हा योगायोग. पण माफी मिळायला मागे नौदल किंवा व्यापारी समाज उभा असावा लागतो, हा योगायोग नाही.

पुढची चौकटही बघा. १९८० मध्ये मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की साधा कायदा करून संसदेला हा घटनादत्त अधिकार कापता येत नाही, मात्र तो मनमानी वापरताही येत नाही. २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खून प्रकरणातल्या गुन्हेगाराला मिळालेली सूट न्यायालयानं रद्द केली. तो माणूस सत्ताधारी पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे असा शेरा शिफारशीच्या कागदांत होता. सूट दिली गेली तेव्हा तिथले राज्यपाल सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. जात, धर्म, पक्षनिष्ठा यांवर माफी देता येत नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं.

अमली पदार्थांच्या बाबतीत संसदेनं १९८९ मध्ये आणखी एक कुलूप लावलं. कलम ३२-अ प्रमाणे या कायद्याखालची कुठलीच शिक्षा स्थगित, कमी किंवा माफ करता येणार नाही; अपवाद फक्त सेवनाच्या गुन्ह्याचा. त्यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या दादू ऊर्फ तुलसीदास खटल्याचा, ऑक्टोबर २००० चा. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार या कलमानं काढून घेणं घटनाबाह्य, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. पॅरोललाही आड येत नाही म्हटलं. पण सरकारी सूट-माफीवरचं कुलूप तसंच राहिलं. तुरुंगातल्या चांगल्या वागणुकीचे सवलतीचे दिवस गांजावाल्या कैद्याच्या खात्यात पडत नाहीत. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त २०२२-२३ मध्ये केंद्रानं तीन टप्प्यांत कैदी सोडले तेव्हाही एनडीपीएसचे कैदी यादीतून वगळले होते, मग ट्रकचा क्लीनर असो की टोळीचा म्होरक्या. याच कायद्यातल्या सक्तीच्या फाशीला मात्र मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये लगाम घातला, आणि २०१४ च्या दुरुस्तीत ती ऐच्छिक झाली.

इतकं झाल्यावर माझा मुद्दा येतो. कलम १६१ दोषी ठरलेल्या व्यक्तीच्या शिक्षेबद्दल बोलतं. झरीची भट्टीवाली, पाटणबोरीला पकडलेला क्लीनर, तुरीच्या तासातला बटईदार, यांना शिक्षा झालेलीच नसते. त्यांचा खटला चालू असतो. त्यांचं जे काही भोगून होतं ते तारखांत, कोठडीत, जामिनाची रक्कम उभी करण्यात. राज्यपालांची लेखणी तिथे पोचतच नाही. चंद्रपूरची बंदी उठली म्हणून बंदीच्या सहा वर्षांत दाखल झालेले गुन्हे आपोआप पुसले गेले नाहीत. काल नदीपलीकडे पेटी नेताना पकडलेल्या पोराची तारीख चालूच, आणि आज त्याच चौकात परवान्याचं दुकान थाटात उघडं.

परदेशात डोकावलं तरी चित्र फार वेगळं नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडन यांनी गांजा जवळ बाळगल्याच्या केंद्रीय गुन्ह्यांना सरसकट माफी दिली. टाळ्या पडल्या. पण अध्यक्षांचा अधिकार केंद्रीय गुन्ह्यांपुरता, आणि गांजा बाळगल्याचे बहुतांश खटले राज्यांचे. केवळ त्या एका गुन्ह्यासाठी केंद्रीय तुरुंगात तेव्हा कोणी नव्हतंच. उलट २०२५ च्या अखेरीस ट्रम्प यांनी होंडुरासचे माजी अध्यक्ष हर्नांडेझ यांना, कोकेनच्या व्यापारात ४५ वर्षांची शिक्षा झालेली असताना, मोकळं केलं. माफी वरून खाली येते तेव्हा ती आधी वरच्यांनाच भेटते. आपल्याकडे नानावटी, तिकडे माजी राष्ट्राध्यक्ष.

मग करायचं काय? जिल्हा दारूबंदीच्या मागणीला माझा पाठिंबा नाही, हे स्पष्ट सांगतो. बायकांचं म्हणणं खोटं आहे म्हणून नव्हे. ज्या ठाण्याला आजच्या कायद्याखाली पव्वा विकणाऱ्या धनदांडग्याला हात लावता येत नाही त्याच ठाण्याच्या हाती उद्या संपूर्ण बंदी दिली, तर हप्त्याचा दर वाढेल, दारू कमी होणार नाही. बिहारनं २०१६ मध्ये संपूर्ण बंदी आणली, न्यायालयं खटल्यांनी तुंबली, तत्कालीन सरन्यायाधीश रमणांनी जाहीर टीका केली आणि २०२२ मध्ये राज्यानंच दुरुस्ती करून पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंड घेऊन सोडायची सोय केली. बंदी ठरवायची तर ती गावानं ठरवावी, आणि त्यासाठी आडव्या बाटलीचा निकष बदलावा: मतदानाला आलेल्या बायकांचं बहुमत पुरेसं मानावं, आणि मतदानाआधी यादी तपासावी. अनुसूचित भागात हा अधिकार ग्रामसभेकडे आहेच, तो निरीक्षकांनी मानावा.

गांजाबाबत कायद्यातच एक दार आहे, ते कोणी उघडत नाही. कलम ६४-अ म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचाराला गेला, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ दोषी ठरलेल्या व्यसन्यालाही तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू देतं. ही खरी माफी, शिक्षेच्या आधीची, आणि तिला राजभवनाची पायरी चढावी लागत नाही. पण त्यासाठी प्रत्येक तालुक्यात व्यसनमुक्तीची खाट हवी, डॉक्टर हवा, आणि हे कलम आहे हे ठाणेदाराला, आरोपीला आणि त्याच्या वकिलाला माहीत हवं. वणीचे ते सात जण गांजाचे नव्हते, पण ज्या दिवशी दुकान बंद झालं त्या दिवशी त्यांना जायला एखादी खाट असती तर सॅनिटायझरची बाटली उघडली नसती.

राहिली भट्टीवाल्यांची जुनी प्रकरणं. फौजदारी प्रक्रियेतल्या जुन्या कलम ३२१ नुसार, आता नव्या संहितेच्या ३६० नुसार, सरकारी वकिलाला न्यायालयाच्या संमतीनं खटला मागे घेता येतो. आंदोलनांतले, मोर्च्यांतले, पुढाऱ्यांवरचे खटले राज्य सरकार याच कलमाखाली अधूनमधून मागे घेतं. त्यासाठी समित्या बसतात, शासन निर्णय निघतात. दोन डबे सडव्याच्या, एका पेटी देशीच्या, पहिल्याच गुन्ह्याच्या प्रकरणांसाठी अशी समिती यवतमाळ आणि चंद्रपुरात का बसू नये? मोठे विक्रेते, विषारी दारू करणारे, पोरांना नादी लावणारे यातून वगळा, हवं तर त्यांच्यावरचे खटले त्याच रिकाम्या झालेल्या तारखांना वेगानं चालवा.

यवतमाळच्या सोळाही तालुक्यांतल्या आमदारांनी, आणि दारूबंदीसाठी चालणाऱ्या बायांनीही, पुढच्या नागपूर अधिवेशनात ही मागणी ठेवावी: आडव्या बाटलीचा निकष बदला, तालुक्याला व्यसनमुक्तीची खाट द्या, आणि किरकोळ प्रकरणं मागे घेणारी समिती नेमा. पहिली आणि तिसरी मागणी पुरी करायला एकेका आदेशाचं काम आहे. दुसरीला पैसे लागतील, आणि ते दारूवरच्या शुल्कातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी जमा होतातच.